गौरीचे तीन दिवस तुमचेही व्हावेत, यासाठी

प्रथम तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कोणत्या परिस्थितीला धरून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही पुण्यात बँकेत नोकरी करता. घरी पती, सतरा वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. सासरे काही वर्षांपूर्वी गेले. तुमच्याकडे गौरींबरोबर विसर्जन होणारा गणपती आणि मुखवट्यांच्या उभ्या गौरी असतात, आणि पूजनाच्या दिवशी तीसेक माणसे जेवायला येतात. श्रावण लागला की तुमच्या पोटात गोळा येतो, रात्री झोपेत यादी सुरू असते आणि विसर्जनानंतर दोन दिवस अंग मोडून येते. पती समजूतदार आहेत, 'काय करू ते सांग, मी करतो' असे ते म्हणतात, तरीही तुमचा भार हलका होत नाही. शेवटी तुम्ही लिहिले आहे की लहानपणी ज्या सणाची वर्षभर वाट पाहिली तो आता नकोसा वाटतो आणि असे म्हणण्याचीही लाज वाटते.

लाज वाटण्याचे कारण नाही, हे मी आधी स्पष्टपणे सांगते. कुटुंब समुपदेशनाच्या कामात दर वर्षी आषाढ संपत आला की हीच तक्रार घेऊन अनेक स्त्रिया येतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींची देवावरची श्रद्धा कमी झालेली नसते, माणसांचा कंटाळाही आलेला नसतो. त्या थकलेल्या असतात, आणि आपल्या थकव्याला घरात कोणी थकवा म्हणत नाही याचे त्यांना दुःख असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि ही कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. हा वर्षभरातल्या दिवसांचा हिशेब आहे. वर्षभराच्या या भारावर सण येऊन बसतो, आणि नोकरी करणारी स्त्री त्यासाठी आपली हक्काची रजा खर्च करते, हे तुमच्या घरात कोणी मोठ्याने म्हटले आहे का, याचा विचार करा. रजा विश्रांतीसाठी असते. तुमची रजा स्वयंपाकासाठी जाते.

आता तुमच्या पतींच्या वाक्याकडे वळते, कारण माझ्या मते सारा पेच तिथे आहे. 'सांग, मी करतो' हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असले तरी त्यात काय करायचे ते ठरवण्याचे, लक्षात ठेवण्याचे आणि झाले की नाही ते पाहण्याचे काम तुमच्याकडेच राहते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घर चालवण्यातल्या या न दिसणाऱ्या कामाचे चार टप्पे सांगितले आहेत : गरज आधीच ओळखणे, ती भागवण्याचे पर्याय शोधणे, त्यांतला एक ठरवणे आणि ठरल्याप्रमाणे झाले का यावर लक्ष ठेवणे. निर्णय घेण्याच्या टप्प्यात पती-पत्नी बहुतेकदा एकत्र असतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा प्रामुख्याने स्त्रीकडे असतो, असे त्यांना आढळले. तो अभ्यास परदेशातला असला तरी आपल्या घरातल्या गौरींकडे पाहिले तर हे चारही टप्पे ओळखू येतात. नैवेद्याला पुरण हे सर्वांना ठाऊक असते, पण हरभऱ्याची डाळ किती लागेल, गेल्या वर्षीचा गूळ खारट निघाला होता म्हणून या वेळी दुकान बदलायचे, पुरणयंत्राची जाळी कोणाकडे गेली आहे, जाऊबाईंच्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, सवाष्णीला जेवायला बोलवायचे राहिले आहे, मुखवट्यांच्या नथीतला एक मोती निखळला आहे, ह्या सगळ्या गोष्टी एकाच डोक्यात असतात. हातांना मदत मिळाली तरी त्या डोक्याला सुटी मिळत नाही. त्यामुळेच घरात चार माणसे राबत असूनही तुम्हाला एकटे वाटते.

यावर उपाय म्हणून मी कामे वाटून देण्यापेक्षा पूर्ण जबाबदाऱ्या सोपवण्याचा आग्रह धरते. 'जरा दूर्वा आणून द्या' ही मदत झाली. पूजेचे सगळे साहित्य, म्हणजे दूर्वा, पत्री, आघाडा, केवडा, फुले, विड्याची पाने, सुपाऱ्या, कापूर, वस्त्रमाळा, हे काय काय लागते ते माहीत करून घेण्यापासून ते बाजारातून आणणे, ओल्या फडक्यात गुंडाळून ताजे ठेवणे आणि पूजेच्या वेळी तबकात मांडून देणे इथपर्यंत पतींचे असेल आणि तुम्ही त्याची एकदाही आठवण करणार नसाल, तर ती जबाबदारी झाली. यात तुमच्याकडूनही एक कठीण गोष्ट अपेक्षित आहे. सोपवलेल्या कामात काही राहिले तर ते राहू द्यावे लागेल. केवडा विसरला तर त्या वर्षी गणपतीला केवडा नसेल. तुम्ही मागच्या दाराने जाऊन तो आणलात, तर ते काम कायमचे तुमच्याकडे परत येईल, आणि 'शेवटी तिलाच सगळे जमते' हे वाक्य कौतुकाच्या रूपात पुन्हा तुमच्या गळ्यात पडेल.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट बारकाईने पाहा, कारण ती फार चांगल्या घरांतही सुटून जाते. मुलाला दिलेले काम बहुधा सण सुरू होण्याआधी संपते : मखर उभारणे, विजेच्या माळा लावणे, माळ्यावरून गौरींचे स्टँड काढणे. त्याचे सर्वांसमोर कौतुकही होते. मुलीला मात्र काहीच ठरवून दिलेले नसते आणि म्हणूनच ती दिवसभर हाताशी धरली जाते. पाने मांडणे, पाणी देणे, वाट्या उचलणे, हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना अत्तर लावणे. तिला तेरा वर्षांची असतानाच कळते की सणात मुलगे मोकळे असतात आणि मुली उपलब्ध असतात. मुलाकडे जेवणानंतरचे आवरणे द्या, म्हणजे पाने उचलणे, फरशी पुसणे, मोठी पातेली घासणे, आणि मुलीला सजावट किंवा रांगोळी असे स्वतःचे, सुरुवात आणि शेवट असलेले काम द्या. तीस माणसांना वाढण्याचे काम तर पुरुषांनी करावे. मोठ्या पंगतीत वाढपी पुरुषच असत, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती घरच्या पंगतीत परत आणण्यात नवे काहीच नाही. दीर जेवायला येतात तेव्हा ते पाहुणे नसतात, हे तुमच्या पतींनी त्यांना सांगावे. हे तुम्ही सांगू नये.

यापुढचे लिहिताना मला तुमच्या सासूबाईंविषयी थोडे विस्ताराने बोलायचे आहे. 'त्यांना सोळाच्या सोळा भाज्या वेगळ्या लागतात, पुरण विकतचे चालत नाही, मोदकाची कळी वाकडी झालेली चालत नाही,' असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्याच पत्रात, वेगळ्या ठिकाणी, सासरे गेल्यापासून त्या हळदी-कुंकवाच्या वेळी आतल्या खोलीत बसतात असेही लिहिले आहे. ही दोन वाक्ये मी एकत्र वाचली. ज्या स्त्रीने चाळीस वर्षे गौरी उभ्या केल्या, तिला पती गेल्यावर ओटी भरता येत नाही, औक्षणाला पुढे बोलावले जात नाही, सवाष्णीच्या पानावर बसता येत नाही. सणात तिचा हक्क उरलेली एकच जागा म्हणजे स्वयंपाकघर. तिथल्या रीती शिथिल झाल्या तर आपली उरलीसुरली जागाही गेली असे तिला वाटत असेल, तर त्यात नवल नाही. मी अनेक घरांत पाहिले आहे की सासूचा काटेकोरपणा हा सुनेवरचा अविश्वास म्हणून घेतला जातो, आणि त्यामागे असे काही हरवल्याचे दुःख असते.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही त्याच महिन्यात इतर गावांना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. जे एका गावाला ठराव करून जमले ते चार भिंतींच्या आत जमणार नाही असे समजू नका. या वर्षी गौरींचे आवाहन, म्हणजे पावले काढून त्यांना उंबऱ्यातून आत आणण्याचा मान, सासूबाईंना द्या. पहिले हळदी-कुंकू मुलीच्या हातून त्यांना लावून घ्या. त्यांनी नको म्हटले तर जबरदस्ती करू नका, पण विचारणे सोडू नका. कित्येकदा पहिल्या वर्षीचा नकार हा लोक काय म्हणतील याचा असतो. हे मी स्वयंपाक कमी करण्याची युक्ती म्हणून सुचवत नाही; ते त्यांच्यासाठीच व्हायला हवे. पण बाहेरच्या खोलीत मानाची जागा मिळालेली व्यक्ती स्वयंपाकघरातल्या सोळा पातेल्यांना तितक्या घट्ट धरून बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

सासूबाईंशी रीतींविषयी बोलाल तेव्हा वादाच्या सुरात बोलू नका. त्यांना विचारा की त्यांच्या माहेरी गौरी कशा होत. बहुधा तिथे वेगळ्या असतील. कुठे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या गौरी पूजल्या जातात, कुठे तेरड्याच्या रोपांच्या, कुठे मुखवट्यांच्या. विदर्भ-मराठवाड्यात त्यांना महालक्ष्मी म्हणतात आणि ज्वारीची आंबील केल्याशिवाय नैवेद्य पूर्ण होत नाही. कोकणात घावन-घाटले लागते. काही समाजांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्य असतो, आणि शेजारच्याच घरात कांदा-लसूणही वर्ज्य असते. पहिल्या दिवशी तर अनेक घरांत साधी भाजी-भाकरी दाखवतात. देवी एकच आणि तिच्या स्वागताच्या तऱ्हा इतक्या, याचा अर्थ प्रत्येक घराने आपल्या शेतात काय पिकते, हाताशी माणसे किती आहेत आणि ऐपत किती आहे हे पाहून रीत बसवली. तुमच्या घरची रीत आठ-दहा बायका एकाच छताखाली राहत असताना बसली असणार. आज त्याच स्वयंपाकघरात दीड बाई आहे. रीत बसवणाऱ्या आजेसासूबाई आज असत्या तर त्यांनी ती पुन्हा मोजून मापून बसवली असती, असे मला मनापासून वाटते.

काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवताना नैवेद्य आणि पंगत या दोन गोष्टी वेगळ्या करा. देवीपुढचे पान घरी, सासूबाईंच्या पद्धतीने, सोवळ्यात करायचे असेल तर अवश्य करा. त्याला वाटीभर पुरण आणि चमचा-चमचा भाज्या पुरतात. अनेक घरांत सोळा भाज्यांची मिळून एकच भाजी करतात, तीही चालते. तीस माणसांच्या पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी आणि भात मात्र घरीच झाले पाहिजेत असा कोणताही शास्त्रार्थ नाही. पुण्यात सणाचा स्वयंपाक करून देणाऱ्या कितीतरी स्त्रिया आहेत, आणि त्यांच्याकडे श्रावणातच नोंदणी करावी लागते, कारण नंतर त्या नवे काम घेत नाहीत. त्यांना द्यायच्या पैशांत घासाघीस करू नका. तुमचे ओझे उतरते तेव्हा ते दुसऱ्या कोणा स्त्रीच्या पाठीवर फुकट चढू नये. हा खर्च तिन्ही भावांनी मिळून करावा. गौरी थोरल्या घरी बसतात म्हणून खर्च आणि कष्टही थोरल्या सुनेचे, ही वाटणी कोणी कधी विचारपूर्वक केलेली नसते, ती नुसती चालत आलेली असते.

शरीराविषयीही सांगणे भाग आहे, कारण भाद्रपदाचा हा आठवडा शरीराच्या दृष्टीने विलक्षण अवघड रचलेला आहे. तृतीयेला हरितालिका, चतुर्थीला गणपती, पंचमीला ऋषिपंचमी, आणि मग अनुराधा नक्षत्रावर गौरींचे आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. हरितालिकेचा उपवास काही जणी पाण्याशिवाय करतात, रात्री जागतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उकडीच्या मोदकांना उभ्या राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा शरीराला निर्जळी उपवास, जागरण आणि लगेच दिवसभराचा चुलीपाशी उभा स्वयंपाक हे झेपत नाही, आणि विसर्जनानंतर तुमचे अंग मोडून येते त्याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे असू शकेल. फळे, दूध आणि पाणी घेऊन केलेला उपवासही उपवासच असतो. सण येण्यापूर्वी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या.

याच्या जोडीने येणारा दुसरा प्रकार मला अधिक काळजीचा वाटतो. पाळी सणात येऊ नये म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेणे आपल्याकडे फार सर्रास झाले आहे. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. ज्यांना पूर्वी रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला आहे, यकृताचा आजार आहे किंवा अंगावरून अकारण रक्त जाते, त्यांच्यासाठी ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय या गोळ्या कधीही घेऊ नयेत. आणि घरातल्या मुलीला तर मैत्रिणीच्या किंवा काकूच्या सांगण्यावरून अजिबात देऊ नयेत. पाळी आलीच तर गौरींचे कोण करील, या भीतीपोटी या गोळ्या घेतल्या जातात. सारा सण एकाच बाईच्या शरीरावर टांगून ठेवल्याची ही सर्वांत स्पष्ट खूण आहे. पतींना, मुलाला, सासूबाईंना सगळे येत असेल तर ही भीती उरत नाही. पाळीतला विटाळ मानायचा की नाही हा निर्णय तुमचा; मी स्वतः मानत नाही आणि मानू नये असे सांगते.

आता तुमच्या आनंदाविषयी, ज्यासाठी तुम्ही हे सगळे विचारले आहे. कामे संपल्यावर वेळ उरला तर मी माझे काही करीन, अशी बहुतेकींची धारणा असते. सणात कामे संपत नाहीत, म्हणून ती वेळ येत नाही. त्यासाठी क्रम उलटा करावा लागतो : आधी तुमचा वेळ कॅलेंडरवर लिहायचा, घरात सर्वांना सांगायचा, आणि मग उरलेल्या वेळात कामे बसवायची. तुम्ही पुण्यात राहूनही लग्न झाल्यापासून मानाचे गणपती पाहिले नाहीत असे लिहिले आहे. चतुर्थीनंतरची एक सकाळ त्यासाठी राखून ठेवा. सकाळी लवकर कसब्यापासून निघालात तर तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे पाचही गर्दी वाढण्याआधी पायी पाहून होतात. मैत्रिणीबरोबर जा किंवा एकट्या जा. घरच्यांना घेऊन गेलात तर कोणाला भूक लागली आणि कोणाचे पाय दुखतात हे पाहण्यात ती सकाळ जाईल.

लहानपणी तुम्ही फुगड्या खेळत होता आणि ती आठवण आजही तुम्हाला सुखावते, हे वाचून मला फार बरे वाटले, कारण त्यातच या सणाचा गाभा आहे. गौरी ही माहेरवाशीण म्हणून येते. ती येते, तिचे कौतुक होते, गोडधोड जेवते, रात्री बायका तिच्यापुढे झिम्मा-फुगडीचे खेळ करीत जागतात, आणि तिसऱ्या दिवशी दही-भाताची शिदोरी घेऊन ती परत जाते. सासरी राबणाऱ्या लेकीला तीन दिवस विसावा मिळावा, ही जी इच्छा प्रत्येक आईच्या मनात असते, तीच इथे देवीच्या रूपाने पूजली जाते. मग त्याच घरातली हाडामांसाची लेक-सून त्या तीन दिवसांत एकदाही बसून जेवत नसेल, तर आपण पूजा कशाची करतो, हा प्रश्न मी सणाची थट्टा म्हणून विचारत नाही, सणावर माझे मनापासून प्रेम आहे म्हणून विचारते. श्रावणापासून आश्विनापर्यंतच्या सणांत बायकांच्या विसाव्याची आणि खेळाची सोय जागोजाग करून ठेवली आहे. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही. दिंडे उकडायची आणि झोके घ्यायचे. काही घरांत शीतला सप्तमीला चूलच पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचे गार जेवतात. मंगळागौरीची रात्र खेळासाठी, भोंडला गाण्यांसाठी. यातला पदार्थांचा भाग आपण वाढवत नेला आणि खेळाचा भाग सोडून दिला, किंवा तो साड्या एकसारख्या करून छायाचित्रे काढण्याच्या कार्यक्रमावर सोपवला.

म्हणून पूजनाच्या रात्री इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या चार-पाच जणींना नुसते खेळायला बोलवा. चहाखेरीज काही करू नका, आणि चहाही मुलाने करावा. त्यांच्यात ज्या एकट्या आहेत, ज्यांचे लग्न झालेले नाही किंवा मोडले आहे, ज्यांचे पती हयात नाहीत, त्यांना आवर्जून बोलवा. चाळिशीनंतर फुगडी घालताना गुडघे जपा, पायात पकड असलेले काहीतरी घाला, पण घाला.

आणखी एक सांगायचे राहिले. सगळेच काम ओझे नसते. गौरींना साडी नेसवताना तुम्हाला अजूनही आनंद होतो असे तुमच्या लिहिण्यातून जाणवते. ते काम कोणालाही देऊ नका. उलट त्यासाठी दोन तास राखा, त्या वेळी स्वयंपाकघरातून कोणी हाक मारायची नाही असे ठरवा, निऱ्या मनासारख्या येईपर्यंत पुन्हा पुन्हा घाला. आवडीचे काम घाईत उरकावे लागते तेव्हा तेही शिक्षेसारखे वाटू लागते, आणि मग आपल्याला काय आवडत होते तेच आठवेनासे होते. हे दिवाळीलाही लागू आहे. चकल्यांची सोऱ्यातून निघणारी वेटोळी पाहणे आवडत असेल तर चकल्या घरी करा आणि चिवडा, शंकरपाळे, अनारसे बचत गटाकडून घ्या. एखादा पदार्थ त्या वर्षी नसला तरी चालेल. नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळ्यांना तेल-उटणे लावून, पाणी तापवून देऊन सर्वांत शेवटी घाईघाईने दोन तांबे अंगावर घेणाऱ्या स्त्रिया मी असंख्य घरांत पाहते. त्या पहाटे पहिले तेल तुम्हाला लागू दे, आणि ते मुलांनी किंवा पतींनी लावू दे.

या बदलांविषयी घरात बोलायचे ते आदल्या आठवड्यात नव्हे. तेव्हा सगळेच ताणलेले असतात आणि तुमचे बोलणे रागाने निघते. श्रावणातल्या एखाद्या रविवारी, जेवण झाल्यावर, सर्वांना बसवून एका वहीत सणाचे प्रत्येक काम लिहून काढा. दिसणारी कामे लिहाच, पण 'लक्षात ठेवणे' आणि 'आठवण करणे' हीसुद्धा लिहा. यादी मुलाच्या हाताने लिहून घ्या. बहुतेक घरांत तीन-चार पाने भरतात आणि लिहिणारा मधेच थांबून वर पाहतो. पहिल्या वर्षी कुरबूर होईल, जाऊबाई काही बोलतील, एखादी आत्या 'आमच्या वेळी' म्हणून सुरू करील. त्यांना उत्तर देण्याचे काम पतींकडे ठेवा, कारण त्यांच्या बाजूच्या माणसांशी तुम्ही बोललात तर त्याचे भांडण होते आणि ते बोलले तर तो घराचा निर्णय ठरतो.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. सण संपून दोन आठवडे उलटले तरी झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, सकाळी उठणे नको वाटत असेल किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे विचार मनात येत असतील, तर तो सणाचा थकवा नाही आणि वर लिहिलेले उपाय त्याला पुरणार नाहीत. अशा वेळी थेट डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. असे विचार मनात आले तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

तसे नसेल, तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, शक्य झाल्यास रजा घेऊन, आधी झोपा. मग संध्याकाळी ती वही पुन्हा सर्वांपुढे उघडा आणि जे सोडले होते त्यातले खरोखर कोणाला काय चुकल्यासारखे वाटले ते विचारा. ज्याला चुकल्यासारखे वाटले असेल त्याचे नाव पुढच्या वर्षी त्या कामापुढे लिहा.